"बाबाला सांगू नकोस हं!" लहान मुलांना गुपित, खासगीपणा आणि सुरक्षितता शिकवताना

साडेतीन वर्षांच्या माझ्या मुलाच्या कोपराला खरचटलं होतं. रक्त वाळलं होतं, म्हणजे लागून बराच वेळ झालेला. "काय झालं रे?" म्हणून विचारलं, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजला, "सांगायचं नाहीये. सिक्रेट आहे." अर्ध्या तासाने उलगडा झाला. मोठ्या चुलतभावाने झोपाळ्यावरून ढकललं होतं आणि ओरडा बसेल म्हणून "कुणाला सांगू नकोस" असं बजावलं होतं. प्रकरण तेवढंच. पण ते ओठांवरचं बोट त्याने माझ्याकडून उचललं होतं. दोनच दिवसांपूर्वी मी त्याला झोपायची वेळ टळून गेल्यावर आणखी एक कार्टून लावून दिलं होतं आणि अगदी तसंच बोट ठेवून म्हटलं होतं, "बाबाला सांगू नकोस हं!"

त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घ्यायला लागले. लहान मुलांचा गैरफायदा घेणाऱ्याला बळजबरी क्वचितच करावी लागते. त्याचं काम गुपितावर भागतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ साली लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांच्या वागण्याचे पाच टप्पे मांडले, त्यातला पहिलाच टप्पा 'गुप्तता' हा आहे. त्यानंतर येते असहायता, मग अडकून पडून जुळवून घेणं, मग उशिरा आणि तुटक सांगणं, आणि शेवटी सांगितलेलं मागे घेणं. म्हणजे मूल बोलत नाही ते त्याला काही कळत नाही म्हणून नव्हे. बोललो तर काहीतरी मोडेल, कुणीतरी रागावेल, या धास्तीने ते गप्प बसतं.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. मुलाला लढायला, पळायला, ओरडायला शिकवा, जरूर शिकवा. पण त्याआधी त्याला सांगणं सोपं करून द्या. चाळीस किलोच्या फरकाने मोठ्या असलेल्या, ओळखीच्या, लाडाच्या माणसाला 'नाही' म्हणणं पाच वर्षांच्या जिवाला जमेलच असं नाही. नंतर येऊन सांगणं मात्र जमू शकतं, पण ते आपण तसं घडवलं असेल तरच.

पुढच्या पायऱ्या साधारण दोन ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि मुलं सांभाळणाऱ्या कुणासाठीही आहेत. सगळ्या एका आठवड्यात उरकायच्या नाहीत.

पहिली पायरी: आठवडाभर स्वतःला ऐका

मुलाला काहीही शिकवण्याआधी घरातली मोठी माणसं दिवसातून किती वेळा "सांगू नकोस" म्हणतात ते मोजा. आकडा बघून दचकाल. "आईला सांगू नकोस, मी तुला खाऊ दिला." "आजोबांना सांगू नकोस, त्यांचा चष्मा पडला ते." "बाबांना कशाला सांगायचं, उगाच चिडतील." यातलं एकही वाक्य वाईट हेतूने म्हटलेलं नसतं. पण मूल त्यातून तीन धडे घेतं: मोठी माणसं गुपित ठेवायला सांगतात, गुपित ठेवणारं मूल शहाणं असतं, आणि गुपित ठेवलं की काहीतरी मिळतं. नेमके हेच तीन धडे वाईट हेतूच्या माणसाला आयते मिळतात.

मग घरात एक नियम करा आणि सगळ्यांदेखत जाहीर करा: आपल्या घरात कुठलंही मोठं माणूस मुलाला गुपित ठेवायला सांगत नाही. चुकून तोंडातून गेलंच तर लगेच दुरुस्त करा. मी आजही करते. "अगं, 'सांगू नकोस' म्हटलं ना मी, ते चुकलं माझं. बाबाला मीच सांगेन, तूही सांगू शकतेस." ही दुरुस्ती मुलांना नियमापेक्षाही जास्त लक्षात राहते. मोठ्यांची चूक पकडण्यात त्यांना केवढा आनंद असतो! माझी धाकटी आता आजीलासुद्धा टोकते.

दुसरी पायरी: शरीराला शब्द द्या

नाक, कान, गुडघा शिकवताना आपण सहज बोलतो आणि कमरेखाली आलो की एकदम गप्प होतो किंवा काहीतरी लाडिक नाव देतो. मूल ती शांतता ऐकतं. त्या भागाबद्दल बोलायचं नसतं, एवढं त्याला न सांगता समजतं.

अंघोळीच्या वेळी, कपडे घालताना, अगदी दीड-दोन वर्षांपासून सरळ शब्द वापरा: शिश्न, वृषण, योनी, छाती, ढुंगण. घरात 'शूची जागा' म्हणत असाल तर म्हणा, पण खरा शब्दही सोबत असू द्या. याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. मुलाने शाळेत बाईंना किंवा दवाखान्यात डॉक्टरांना काही सांगितलं, तर ते ऐकणाऱ्याला पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे. घरच्या घरी ठेवलेलं एखाद्या फुलाचं किंवा पक्ष्याचं नाव बाहेरच्या माणसाला कसं कळणार? "काकांनी माझ्या चिमणीला हात लावला" हे वाक्य ऐकून कुणीही हसून पुढे जाईल.

शब्द उच्चारताना तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल, तर आधी एकट्याने मोठ्याने म्हणून बघा. दहा वेळा म्हटलं की जीभ सैल होते. मी तसंच केलं.

तिसरी पायरी: गुपित, सरप्राईज आणि खासगी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण मुलांचा गोंधळही इथेच सर्वांत मोठा असतो. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो.

सरप्राईज म्हणजे जे थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळणारच आहे आणि कळल्यावर ज्याला कळलं तो खूश होणार आहे. त्याला शेवटची तारीख असते. "ताईच्या वाढदिवसाची भेट रविवारी सकाळी उघडायची, तोपर्यंत कपाटात." मुलाला हे सांगताना 'गुपित' शब्द टाळा, 'सरप्राईज'च म्हणा आणि कधी उघडायचं तेही सांगा.

खासगी म्हणजे जे सगळ्यांसमोर करायचं नसतं, पण लपवायचंही नसतं. मी शौचालयात जाते तेव्हा दार लावते. आत काय चाललंय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त त्या वेळी मला एकटीला राहायचं असतं. मुलांना हे उदाहरण ताबडतोब कळतं, वर खूप हसूही येतं. खासगी गोष्टीबद्दल आई-बाबांशी, डॉक्टरांशी कधीही बोलता येतं.

गुपित म्हणजे जे कुणीतरी, विशेषतः मोठ्या माणसाने, "कधीच सांगायचं नाही" म्हणून बजावलेलं असतं. त्याला तारीख नसते. अनेकदा सोबत धमकी असते किंवा भेट असते. ते ठेवल्यावर पोटात कसंतरी होतं. मात्र 'पोटात कसंतरी' या एका खुणेवर विसंबू नका. चार वर्षांच्या मुलाला लाड आणि भेटी आवडत असतील तर पोटात काहीच होत नाही. म्हणून लहानांना भावनेपेक्षा नियम द्या: मोठं माणूस म्हणालं 'कुणाला सांगू नकोस', की आई-बाबांना सांगायचंच. छान वाटत असलं तरी सांगायचं. वचन दिलं असलं तरी सांगायचं. असं वचन मोडलं तर चालतं.

शेवटचं वाक्य मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा म्हणा. आपण मुलांना वचन पाळायला शिकवतो, ते त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं, आणि तेच त्यांना बांधून ठेवतं.

हे पक्कं करायला आम्ही जेवताना एक खेळ खेळतो. मी प्रसंग सांगते, मुलगी ओळखते.

"बाबासाठी आपण चित्र काढलंय, संध्याकाळी देणार आहोत."
"सरप्राईज!"
"दादा कपडे बदलतोय, दार बंद आहे."
"खासगी!"
"खेळायला गेल्यावर एका काकांनी मोबाईलवर गेम खेळायला दिला आणि म्हणाले, आईला कळलं तर पुन्हा देणार नाही."
ती थांबली. घास तसाच हातात. मग हळूच म्हणाली, "पण मग गेम नाही मिळणार ना परत."

हा क्षण मला फार मोलाचा वाटला. तिला उत्तर येत होतं. अडत होतं ते किमतीपाशी. मी म्हटलं, "हो, कदाचित तो गेम नाही मिळणार. पण मला सांगितलंस म्हणून मी तुझ्यावर रागावणार नाही, आणि आपण दोघी मिळून दुसरं काहीतरी खेळू." गेमचा मोह खरा आहे हे मान्य करा. नाही तर मूल परीक्षेपुरतं बरोबर उत्तर देईल आणि प्रत्यक्षात गेम निवडेल.

सहा-सात वर्षांनंतर मित्रमैत्रिणींची गुपितं सुरू होतात: कोण कुणाला आवडतं, कोण रात्री अंथरूण ओलं करतं. ती ठेवायला मुलांना मुभा हवी, मैत्रीचा तो भाग आहे. तिथे एकच अट घाला: कुणाला दुखतंय, कुणी घाबरलंय किंवा यात एखादं मोठं माणूस आहे, तर ते गुपित एकट्याने सांभाळायचं नाही.

चौथी पायरी: शरीराचे नियम

'गुड टच, बॅड टच' हा शब्दप्रयोग आता घरोघरी पोहोचला आहे, आणि त्याने मोठं कामही केलं आहे. तरीही लहान मुलांसाठी तो मला अपुरा वाटतो. इंजेक्शन दुखतं, पण ते सुरक्षित असतं. उलट गैरस्पर्श दुखेलच असं नाही. तो गुदगुल्यांसारखा, मऊ, लाडाचाही असू शकतो. मूल म्हणेल, दुखलं नाही म्हणजे बॅड नव्हता. आणि वाईट वाटलंच तर 'बॅड' हा शब्द त्याला स्वतःलाच चिकटल्यासारखा होतो. त्यापेक्षा बघून ओळखता येईल असा नियम द्या.

युरोप परिषदेने २०१० मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध मोहीम सुरू केली, तेव्हा असाच एक नियम पुढे आणला: चड्डीने झाकलेल्या जागेला दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि मुलानेही दुसऱ्याच्या त्या जागेला हात लावायचा नाही. तीन वर्षांच्या मुलालाही कळेल इतकं हे सोपं आहे. त्यात मी स्वतः थोडी भर घालते: छाती आणि तोंडही त्यात धरा; बघायला मागणं, दाखवणं, फोटो काढणं हेही त्यातच येतं.

अपवादही स्पष्ट सांगा, नाहीतर मूल गोंधळतं. लहान आहेस तोवर धुवायला, पुसायला मदत लागते, ती कोण करणार ते ठरलेलं आहे. डॉक्टर तपासतात, पण तेव्हा आई किंवा बाबा खोलीत असतात. या दोन्ही वेळांना काहीही लपवायचं नसतं. घडलं ते कुणालाही सांगता येतं.

आता गुदगुल्या. मला तर शरीराचा सगळा धडा गुदगुल्यांत सापडतो. मूल खिदळत असतं, खिदळता खिदळता "नको, नको" म्हणतं, आणि आपण हसून आणखी करतो. मुलाने काय शिकायचं? आपलं 'नको' मोठ्यांना गंमत वाटते, एवढंच. आमच्याकडे 'थांब' म्हटलं की दोन्ही हात लगेच वर. पहिल्याच दिवशी मुलाने सलग आठ-नऊ वेळा 'थांब' म्हणून बघितलं, हात खरंच वर जातात का ते तपासायला. दर वेळी गेले. मग तो स्वतःच म्हणाला, "आता परत कर."

पापी आणि मिठीचंही तेच. पाहुणे आले की "काकांना पापी दे, लाजतोस काय" हे आपण किती सहज म्हणतो. प्रेमापोटीच म्हणतो. पण आवडत नसताना मोठ्यांच्या समाधानासाठी जवळ जायचं, असा धडा त्यातून जातो. मुलाला पर्याय द्या: मिठी, टाळी, नमस्कार, की लांबूनच हात हलवणार? आदर दाखवायला हवाच, तो कसा ते त्याने ठरवावं. आजी रुसल्या तर त्यांना बाजूला घेऊन कारण सांगा. बहुतेक आज्यांना कारण पटकन पटतं, कारण त्यांच्याही लहानपणी एखादा असा नकोसा पाहुणा येऊन गेलेला असतो.

पाचवी पायरी: मुलाचा खासगीपणा तुम्ही आधी जपा

खासगीपणा मूल ऐकून शिकत नाही. त्याला तो मिळाला की कळतो. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत कलम १६ मुलाच्या खासगीपणाचं आहे, आणि १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला ते लागू आहे. म्हणजे चार वर्षांच्या मुलालाही.

घरात याचा अर्थ फार साधा आहे. कपडे बदलत असेल तर दारावर टकटक करून आत जा. उघड्यावर कपडे बदलवू नका. त्याने कानात सांगितलेली भीती किंवा ओली झालेली चड्डी पाहुण्यांसमोर गंमत म्हणून सांगू नका. अंघोळीचा फोटो, कितीही गोड असला तरी, कुणाला पाठवू नका आणि स्टेटसला तर मुळीच ठेवू नका. इतर फोटो टाकण्याआधी विचारा, "हा टाकू का?" आणि 'नको' म्हणालं तर टाकू नका. एवढंसं मूल विचारात घेतलं जातंय हे त्याला जाणवतं. पुढे कुणी न विचारता फोटो काढला की त्याला ते खटकतं.

सहावी पायरी: पाच बोटं, पाच माणसं

"काही झालं तर मला सांग" एवढं पुरत नाही. तुम्ही घरात नसाल तर? आणि ज्याच्याबद्दल सांगायचंय तो घरातलाच असेल तर? हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण ते लिहिलंच पाहिजे.

मुलाचा पंजा कागदावर ठेवून भोवती रेघ काढा. प्रत्येक बोटावर एका मोठ्या माणसाचं नाव, मुलाने स्वतः निवडलेलं. किमान दोन नावं घराबाहेरची हवीत, शाळेतल्या बाई किंवा मावशी. त्या पाचही माणसांना कळवा की तुमचं नाव या पंजावर आहे आणि मुलाने काही सांगितलं तर काय करायचं. शेवटचं आणि महत्त्वाचं: पहिल्या बोटाने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांग, त्यानेही नाही ऐकलं, तर तिसऱ्याला. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहायचं.

सातवी पायरी: अनोळखी माणसाचा बाऊ कमी करा

'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' हा नियम आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. पण मुलांवर अत्याचार करणारे बहुतांश लोक त्यांच्या ओळखीचे असतात: नातेवाईक, शेजारी, शिकवणारे, वयाने मोठी मुलं. शिवाय लहान मुलाच्या दृष्टीने दोनदा हसून बोललेला माणूस अनोळखी उरतच नाही. म्हणून माणसावर बोट ठेवू नका, वागण्यावर ठेवा. मुलांना सांगायच्या खुणा अशा: मोठं माणूस लहान मुलाकडे मदत मागतं (रस्ता विचारायला मोठ्यांनी मोठ्यांकडे जायचं असतं), आई-बाबांनी 'नाही' म्हटलेलं गुपचूप करू देतं, इतरांपासून वेगळं एकटं न्यायला बघतं, भेट देतं आणि वर लपवायला सांगतं.

यावर एकच कृती पुरे: आधी विचारून ये. कुणाबरोबर जाण्याआधी, काही घेण्याआधी, जागा बदलण्याआधी सांभाळणाऱ्याला विचारायचं, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. न्यायला दुसरं कुणी येणार असेल तर घरात ठरवलेला एक शब्द ठेवा. तो शब्द ज्याला माहीत नाही, त्याच्याबरोबर जायचं नाही. आई-बाबांचं पूर्ण नाव आणि एक फोन नंबर पाठ करून घ्या. चाल लावली की चार वर्षांचं मूलही म्हणतं. गर्दीत हरवलंच तर जागेवर थांबायचं, मोठ्याने आईचं नाव घ्यायचं, आणि मदत लागली तर सोबत मुलं असलेल्या बाईकडे किंवा तिथे काम करणाऱ्या माणसाकडे जायचं.

आठवी पायरी: स्क्रीनवरही हेच नियम

नवीन काही शिकवायची गरज नाही, तेच नियम तिथे न्या. स्क्रीनवरचं कुणी 'सांगू नकोस' म्हणालं, 'हा मेसेज पुसून टाक' म्हणालं, फोटो मागितला, तर येऊन सांगायचं. मोबाईल-टॅब घरातल्या सगळ्यांच्या वावराच्या जागी. आणि एक वचन तुम्ही द्या: सांगितलंस म्हणून मी मोबाईल काढून घेणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला समोरच्या माणसापेक्षा मोबाईल जाण्याची भीती मोठी असते, आणि त्या भीतीपायी ते गप्प बसतं.

नववी पायरी: मूल काही सांगतं तेव्हा

ही पायरी आधीच वाचून ठेवा, कारण त्या क्षणी काही सुचत नाही.

मूल समोर बसवून नीट सांगत नाही. ते गाडीत मागच्या सीटवरून, झोपताना अंधारात, भलत्याच बोलण्याच्या मध्येच एखादं वाक्य टाकतं: "मला त्या दादाकडे नाही जायचं." मग तुमचा चेहरा बघतं. तुमचा चेहरा घाबरला किंवा चिडला, तर पुढचं वाक्य येत नाही. म्हणून आधी श्वास घ्या, हातातलं काम चालू ठेवलंत तरी चालेल, आणि तीन गोष्टी म्हणा: "सांगितलंस ते फार बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही."

मग मोकळे प्रश्न विचारा. "मग काय झालं?" "त्याबद्दल अजून सांग ना." "त्याने इथे हात लावला का? चड्डी काढली का?" असे उत्तर पुरवणारे प्रश्न नकोत. मानसशास्त्रज्ञ स्टीफन सेसी आणि मॅगी ब्रक यांनी १९९० च्या दशकात केलेल्या कामातून हे स्पष्ट झालं, की सूचक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले तर लहान मुलं, विशेषतः शाळेत जाण्याआधीच्या वयातली, न घडलेलंही घडल्यासारखं सांगू लागतात. खरं घडलेलं असेल तरीही मग ते सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. तुमचं काम चौकशी करण्याचं नाही, ऐकण्याचं आहे. मूल झोपल्यावर त्याचेच शब्द, तारीख आणि वेळेसह, जसेच्या तसे लिहून ठेवा.

मूल म्हणेल, "पण कुणाला सांगू नकोस हं." इथे 'नाही सांगणार' असं वचन देऊ नका. आपण इतके दिवस शिकवलेलं सगळं त्या एका वाक्याने मोडतं. म्हणा, "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल, फक्त त्यांनाच सांगेन. आणि सांगण्याआधी तुला सांगेन."

ज्याच्यावर आरोप आहे त्याला मुलासमोर जाब विचारू नका, आणि मुलाला पुन्हा त्याच्याजवळ एकटं सोडू नका, मग नात्यात कितीही वादळ उठो. पोलीस, बालसंरक्षण यंत्रणा आणि मुलांचे डॉक्टर यांच्याकडे लवकर जा. प्रकार नुकताच घडला असेल तर मुलाला अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली.

दोन दिवसांनी मूल म्हणेल, "मी खोटं बोललो, तसं काही झालंच नव्हतं." समिट यांचा शेवटचा टप्पा इथे आठवा. घरात रडारड, कुजबुज, बिघडलेली नाती बघून मूल सगळं पूर्वीसारखं करायला बघतं. त्याने शब्द मागे घेतले म्हणून तुम्ही पाऊल मागे घेऊ नका.

दहावी पायरी: थोडं थोडं, पुन्हा पुन्हा

"एवढ्या लहान वयात हे सांगून मुलं घाबरणार नाहीत का?" ही शंका मला प्रत्येक पालकाकडून ऐकू येते, आणि ती प्रामाणिक असते. २०१५ मध्ये कॉक्रेन या आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने शाळांमधल्या अशा शिक्षणावरच्या २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात ५,८०० हून अधिक मुलं होती. मुलांची समज आणि स्वतःला जपण्याची कौशल्यं वाढलेली दिसली, भीती किंवा चिंता वाढलेली दिसली नाही. अत्याचार प्रत्यक्षात कमी होतात असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. मला हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. मुलाला शिकवून आपली जबाबदारी संपत नाही, मूल स्वतःचा पहारेकरी होऊ शकत नाही. ते कुठे आहे, कुणाबरोबर आहे, दार उघडं आहे का, हे बघणं आपलंच काम राहतं.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला शब्द आणि 'थांब' एवढंच पुरे. चार-पाचला चड्डीचा नियम, सरप्राईज-खासगी-गुपिताचा खेळ, पंजावरची माणसं. सहा ते आठला मित्रांची गुपितं, स्क्रीन, 'काय करशील?' असे अवघड प्रसंग. एका वेळी तीन-चार मिनिटं. नवीन शाळा, नवीन शिकवणी, शिबिर, सुट्टीत कुणाकडे राहायला जाणं, घरात नवीन सांभाळणारं माणूस येणं, यातल्या प्रत्येक वेळेआधी एकदा उजळणी.

आणि त्याच वेळी एक उजळणी त्या मोठ्या माणसाचीही. मूल कुणाच्या हाती सोपवताना मी आता मुलासमोरच, हसतमुखाने, एक वाक्य म्हणते: "आमच्या घरात मोठी माणसं मुलांना गुपित ठेवायला सांगत नाहीत, आणि ही मला सगळं येऊन सांगते." पहिल्यांदा म्हणताना मला फार संकोच वाटला होता, समोरच्याला राग येईल असं वाटलं. बहुतेक जण मान डोलावतात, काही जण तर "हे आम्हीही सुरू करतो" म्हणतात. एकदा मात्र एक शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "अहो, थोडीफार गुपितं असली की मुलांशी गट्टी लवकर जमते." ते चांगलेही असतील. मी मुलीचा हात धरला आणि म्हटलं, तास चालू असताना मी इथेच बाहेर बसेन. त्या वर्षी मी तिथे बसून होते, दार उघडं ठेवून.